अकरा जणींच्या बाटल्या

४ फेब्रुवारी

जाऊबाई,

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोन आता माझा राहिलेला नाही. भिंगरीला नीट वाचता यायला लागल्यापासून ती माझे सगळे निरोप माझ्याआधी वाचते, आणि हे तिनं वाचायला नको. म्हणून कागद घेऊन बसले. हसू नका, अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं.

मागच्या आठवड्यात अंघोळ घालताना तिच्या छातीला डाव्या बाजूला गाठ लागली. वाटाण्याएवढी. हात लावला तर "दुखतं" म्हणाली. हे म्हणाले, पडली असेल कुठेतरी. पण गाठ गेली नाही, आणि चार दिवसांनी उजव्या बाजूलाही तशीच लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "घाबरू नका, आजार नाही. मुलगी वयात येतेय." कोण वयात येतंय? सात वर्षं दहा महिन्यांची पोर! अजून बुटांचे बंद मी बांधते तिच्या. मनगटाचा एक्स-रे काढला तर हाडं साडेदहा वर्षांच्या मुलीसारखी निघाली. आता मेंदूची तपासणी करायची आहे, तिथे काही नाही ना एवढं बघायला.

मग त्यांनी विचारलं, ही पोटात असताना तुम्ही कुठे काम करत होता? मी म्हटलं, प्लास्टिकच्या पडद्यांच्या कारखान्यात, कडा चिकटवायच्या मशीनवर. ते म्हणाले, तुमच्या गावात त्या वर्षी गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला होता. पोटातल्या बाळापर्यंत कारखान्यातलं काय काय पोचतं आणि मुली त्यामुळे लवकर वयात येतात का, ते बघायला लघवीच्या बाटल्या गोळा केल्या होत्या. तुमचं नाव त्यात असेल तर निकाल मागवा.

जाऊबाई, माझं नाव त्यात आहे. मुकादम म्हणाला होता ना, जी बाटली देईल तिला मशीनवरून उठवीन. नाव तर यादीत आधीच लिहून झालेलं, म्हणून मी रडत तुमच्याकडे आले. तुम्हीच तेव्हा आरोग्य केंद्रात त्या बाटल्या गोळा करायला होतात आणि तुमच्याही पोटात तुमची लेक मुंगी होती. "दे इकडे, रडतेस काय," म्हणालात आणि माझ्या नंबराची बाटली घेऊन स्वतःच आत गेलात. माझी म्हणून जी बाटली गेली ती तुमची.

मागवू का तो निकाल? तुम्ही सांगाल तसं करते.

तुमची धाकटी

ता. क. उत्तर घरी नको. शेजारच्या शिवणवाल्या काकूंच्या पत्त्यावर पाठवा. दुपारी मी घरी नसते.

१२ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र दवाखान्यात मिळालं. तुला सांगते ते ऐक आणि रडणं नंतरसाठी ठेव.

मेंदूची तपासणी करून घे. बहुतेक मुलींत काही निघत नाही. मग महिन्याच्या महिन्याला एक इंजेक्शन देतात, त्यानं हे सगळं थोपवून धरता येतं. आमच्याकडे दोघी मुली घेतात. भिंगरीला साध्या शब्दांत सांग की तुझं शरीर घाईत आहे, आपण त्याला जरा दमानं घ्यायला लावू. मऊ सुती बनियन घाल. खेळणं बंद करू नकोस, आणि पाहुण्यांना तिच्यासमोर "मोठी दिसायला लागली हो" म्हणू देऊ नकोस. म्हणतील त्यांना माझ्याकडे पाठव.

निकाल मात्र मागवू नकोस. त्या बाटलीत तू नाहीस, मी आहे. ती भिंगरीबद्दल काय डोंबल सांगणार? उलट तुझ्या नंबराखाली दुसरीचं पाणी आहे हे कुणाच्या लक्षात आलं तर माझी नोकरी जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ वर्षांपूर्वीच्या बाटल्या उकरून पोरीची हाडं काही मागे जाणार नाहीत.

मुंगी नावासारखीच आहे अजून. परवा शाळेच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभी केली म्हणून रुसून आली होती.

दुपारी काकूंकडे शिवणकाम सुरू केलंस वाटतं, झकास केलंस. त्या कारखान्यातून सुटलीस ते बरंच झालं. भाऊजींना सांग, पोरीला दवाखान्यात एकट्या तुझ्याबरोबर पाठवू नका, बापानंही जावं.

थोरली

२ मार्च

जाऊबाई,

मेंदूची तपासणी झाली, काही निघालं नाही. पहिलं इंजेक्शनही झालं. भिंगरी रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. भिंतीवरच्या उंचीच्या तक्त्याकडे बघत बसून राहिली.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी निकालाचा अर्ज टाकून बसले होते. रागावू नका. उत्तर आलंय. माझ्या नंबराची बाटली: प्रमाण कमी. ते मला अपेक्षितच होतं. पण खाली आणखी एक ओळ आहे. आमच्या कारखान्यातल्या अकरा जणींच्या बाटल्या तपासल्या, अकराही जणींचं प्रमाण गावातल्या बाकी बायकांपेक्षा जास्त नव्हतं, सबब कारखान्याच्या कामाचा संबंध दिसत नाही. हेच कारखान्यानं काच लावून चहाच्या खोलीत टांगलंय: तपासणीत सुरक्षित.

माझी बाटली खोटी होती, कबूल. पण बाकीच्या दहा जणींच्या तर खऱ्या होत्या. त्या प्लास्टिक मऊ करायच्या त्याच तेलात हात घालत होत्या, त्याच वासात डबा खात होत्या. त्यांच्यात काही नाही, म्हणजे कारखान्यात काही नाही. म्हणजे मग जे काही होतं ते माझ्यात.

मी एक वही केलीय. त्या नऊ महिन्यांत मी काय काय केलं ते आठवून लिहिते. धाकट्या बहिणीच्या लग्नात नखं रंगवली होती. खिडकीतल्या उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पीत होते. सातव्या महिन्यात यांच्याबरोबर मागच्या दाराला रंग दिला होता, हौसेनं. केसांना ते वासाचं तेल लावत होते, दोन बाटल्या संपवल्या. रोज एखादी ओळ वाढते. कपडे वाळत घालताना आठवतं आणि मी ओल्या हातानं येऊन लिहिते.

तिच्या फ्रॉकला आता मोठ्या बाईच्या घामाचा वास येतो, जाऊबाई. धुवायला घेते आणि क्षणभर वाटतं, घरात माझ्याशिवाय दुसरी कोणी बाई राहतेय, आणि ती माझ्या पोरीचे कपडे घालते. शाळेत ती दप्तर पाठीवर घेत नाही, पुढे छातीशी धरते. बाईंनी विचारलं तर म्हणाली, दप्तराला थंडी वाजते.

तुमची धाकटी

१५ मार्च

धाकटे,

ती वही जाळून टाक. आजच.

नखं रंगवून आणि दाराला रंग देऊन जगातल्या निम्म्या बायकांनी मुली जन्माला घातल्यात. तू स्वतःला दोष देऊ नकोस. का देऊ नकोस ते आत्ता विचारू नकोस, पण माझं ऐक.

आणि मला एक सांग. चहाच्या खोलीतली ती पाटी तू कधी वाचलीस? कारखाना सोडलास तेव्हा भिंगरी पोटात होती. पाटी लागली तीन वर्षांपूर्वी.

लगेच कळव.

थोरली

३० मार्च

जाऊबाई,

तुमच्यापासून काही लपत नाही. शिवणकाम वगैरे काही नाही. काकूंचा फक्त पत्ता घेतलाय. मी ऑक्टोबरपासून पुन्हा कारखान्यात जाते, त्याच मशीनवर. यांचं काम सुटलंय. त्यांना मी शपथ घातली होती की तुम्हाला सांगायचं नाही, कारण तुम्ही ओरडाल. आता ओरडा.

आणखी एक आहे. मला चौथा महिना लागलाय.

दिवस राहिलेत हे कळलं तेव्हा मीही एकदा थबकले. नाही असं नाही. चहाच्या खोलीत त्या पाटीसमोर उभी राहिले. अकरा जणींचा आकडा वाचला, त्यातून माझा एक मनात वजा केला, दहा उरल्या. दहा पुष्कळ झाल्या, म्हटलं. आणि गेले मशीनवर.

पण आता कानावर काय येतंय ते ऐका. भिंगरीचं कळल्यावर आमच्यातली एक जण मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली. तिची मुलगी भिंगरीच्याच वयाची, तिलाही सहा महिन्यांपासून तेच. मग दुसरीनं सांगितलं. मग तिसरीनं. त्या वर्षीच्या अकरा जणींपैकी नऊ जणींना मुली झाल्या, आणि त्यांतल्या चौघींचं हे असं, भिंगरी धरून. बाकी तिघीही म्हणतात, कारखान्यात काही नाही हो, तपासलंय ना, आमचंच काहीतरी चुकलं असेल. एक म्हणते नवऱ्याकडून आलं असेल. एकीच्या सासूनं सुनेलाच बोल लावला.

जाऊबाई, तुम्ही शिकलेल्या. पाण्यात काही असेल का? की माझ्या वहीत जे लिहायचं राहिलंय ते? मला काहीतरी सांगा. पोटातलं हलायला लागेल आता थोड्या दिवसांनी, आणि मला त्याच्याशी काय बोलावं सुचत नाही.

तुमची धाकटी

४ एप्रिल

धाकटे,

हे पत्र वाचलंस की कारखान्यात जाऊ नकोस. उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही. पैशांचं मी बघते. आधी हे करायचं ठरव आणि मग पुढचं वाच.

त्या दहा बाटल्याही खऱ्या नव्हत्या.

तू पहिली आलीस. तुझी बाटली मी भरली आणि तुला शपथ घातली, कुणाला सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी तुझ्या शेजारच्या मशीनवरची आली. तीच रड, तोच मुकादम. तिचीही भरली, तिलाही शपथ घातली. मग तिसरी. मी रोज सकाळी एक बाटली भरत होते, अकरा सकाळी. प्रत्येकीला वाटत होतं की खोटी बाटली आपली एकटीचीच, आणि बाकी दहा जणी प्रामाणिक आहेत. तुम्ही सगळ्या जणी एकमेकींच्या भरवशावर त्या मशीनवर बसून राहिलात.

दया आली म्हणून केलं असं मी आठ वर्षं स्वतःला सांगत आलेय. दया होती, खोटं नाही. पण निम्मीच. बाटल्या गोळा करणाऱ्या आम्ही तिघी होतो आणि कायम एकीलाच करणार होते. मला चाळीस बाटल्या नेमून दिल्या होत्या, त्यांतल्या अकरा कारखान्यातल्याच हव्या होत्या. त्या आल्या नसत्या तर मी राहिले असते तशीच. आज मी कायम आहे ती त्या अकरा सकाळींमुळे. माझी खुर्ची, मुंगीची शाळा, हे घर, सगळं त्यातलं.

तेव्हा वाटलं, चाळिसात अकरा इकडेतिकडे झाल्या तर कुणाचं काय बिघडतंय? आणि तीन वर्षांपूर्वी निकाल लागला, पाटी लागली. तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. पोरी तेव्हा पाच वर्षांच्या होत्या, मी म्हटलं, कदाचित काही होणारही नाही.

अभ्यासवाल्यांच्या थंडगार खोलीत त्या लघवीच्या नळ्या अजून ठेवलेल्या आहेत. अकरा नंबर, अकरा बायका, आणि आत मी. तेव्हा माझ्या पोटात मुंगी होती. म्हणजे कागदावर भिंगरीची आई मी आहे, टाकीमागे तुझ्याशी बोलली तिच्या पोरीचीही मी, बाकी दोघींचीही मी. मुंगी अंगणात दोरीच्या उड्या मारते, मी ओट्यापाशी उभी राहून तिला मोजते, आणि मोजता मोजता मला नऊ पोरी दिसतात, सगळ्यांचं तोंड मुंगीचं. भाजी करपते. हे विचारतात, कुठे लक्ष असतं तुझं?

तुझी वही माझ्यामुळे झाली. तुझ्या नखांमुळे काही झालेलं नाही.

मी अभ्यासवाल्या डॉक्टरबाईंकडे जाते. त्याआधी तुला सांगायचं होतं. तू माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल, पण मशीनवर जाऊ नकोस.

थोरली

२१ मे

धाकटे,

दीड महिना झाला. तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच चालले होते, तरी रोज टपाल आलं की माझी मान वर होते. भाऊजींनी फोनवर एवढंच सांगितलं की तू घरी आहेस आणि तब्येत ठीक आहे. "घरी आहेस" एवढं ऐकलं आणि मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

मी डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "एका मुलीकडे बघून कुणालाच सांगता येत नाही की हिला हे कशामुळे झालं. पुष्कळ मुलींचं एकत्र बघितलं तरच काहीतरी दिसायला लागतं. त्यासाठीच तर प्रत्येक बाटली खरी हवी होती." मी म्हटलं, माझ्या अकरा काढून टाका. त्या म्हणाल्या, "काढते. पण त्यांच्या जागी ठेवायला आता काही नाही. ते नऊ महिने परत मिळत नाहीत."

निकाल मागे घेतलाय. कारखान्याला तसं लेखी गेलंय. मला कामावरून उतरवलंय, चौकशी लागली आहे. मुंगीला अजून कळलेलं नाही. तिला वाटतं, आईला सुट्टी आहे, आणि ती खूश आहे.

माफी मागत नाही. ती मागितली की तुला द्यायची की नाही याचा विचार करावा लागेल, आणि तुझ्यामागे आधीच पुष्कळ आहे.

बाळंतपणाला मी येणार असं आपलं कधीतरी बोलणं झालं होतं. ते तू ठरव.

थोरली

१६ जून

जाऊबाई,

तुमचं एप्रिलचं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचायला कारखान्यात घेऊन गेले. कामावर नाही. चहाच्या सुट्टीत, पाहुणी म्हणून. मुकादम दारात उभा होता. म्हणाला, सुट्टीवर गेलीस ना? मी म्हटलं, चहा प्यायला आले, हाकलणार का? सरकला बाजूला.

मला पत्र वाचून दाखवायचं होतं, पण ते पिशवीतच राहिलं. मग मी एवढंच म्हटलं, "माझी बाटली खोटी होती." मग टाकीमागची म्हणाली, "माझीही." तिच्या शेजारची तिच्याकडे बघायला लागली, आणि बघता बघता म्हणाली, "अगं, माझी पण." असं करत त्या खोलीत मला धरून आठ जणी निघाल्या. तिघी आता कामावर नाहीत. प्रत्येक जण दुसरीकडे असं बघत होती की मला ते आयुष्यभर विसरता येणार नाही. त्यांना राग आला नव्हता अजून. त्यांना फक्त कळत होतं की आपण कुणाच्या भरवशावर होतो.

मग बोलणं फुटलं. एक म्हणाली, बाटलीवालीनं आपली नोकरी वाचवली, तिला नावं ठेवू नका. दुसरी, जिच्या सासूनं बोल लावला होता ती, म्हणाली, नोकरी वाचवली तिनं स्वतःची. त्यावरून दोघींची जुंपली. मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही. माझ्यात दोघीही आहेत. सकाळी एक असते, संध्याकाळी दुसरी.

आमच्यात आत्ता तिघी गरोदर आहेत, मी धरून. डॉक्टरबाई मागच्या आठवड्यात स्वतः कारखान्यात आल्या, तेव्हा मीही गेले. मुकादमानं तेच जुनं सुरू केलं. यावेळी तिघी एकदम उठलो आणि बाटल्या घेऊन आत गेलो, आणि बाकीच्यांनी मशीन बंद ठेवली आम्ही येईपर्यंत. झाकण मी माझ्या हातानं लावलं. त्या दोघींना आता बांधाबांधीच्या खोलीत काम दिलंय, तेलापासून लांब. किती दिवस देतात बघू.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत मी मशीनवर होते, त्यातलं किती गेलं असेल पोटात? त्या म्हणाल्या, बाटलीत आकडा येईल, पण तो आजचा. पूर्वीचं सांगता येणार नाही, आणि आकडा आला तरी बाळाचं काय होईल ते त्यातून कळणार नाही. मग कधी कळेल? मुलगी झाली तर सात-आठ वर्षांनी. म्हणजे जाऊबाई, मी सात-आठ वर्षं अंघोळ घालताना तिच्या छातीवरून हात फिरवत राहणार. लाडानं नाही. माझा हात आत्ताही पोरीला तसाच लागतो. भिंगरीच्या ते लक्षात आलंय, ती स्वतःची अंघोळ स्वतः करते आणि आतून कडी लावते.

तुम्ही तीन वर्षांपूर्वी बोलला असता तर हे दुसरं माझ्या पोटात त्या वासात राहिलं नसतं. हे मी रागानं लिहीत नाही. रागानं चारदा लिहिलं आणि फाडलं, आता फक्त खरं आहे म्हणून लिहितेय. तुम्हाला चुलीत घालावंसं वाटतं, आणि तुमच्याशिवाय हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. असं कुणाचं होऊ नये.

बाळंतपणाला येऊ नका. माझी आई येणार आहे.

पण मुंगीला सुट्टीत पाठवा. भिंगरीनं मागितलंय. तिला वर्गातल्या मुलींबरोबर आता खेळावंसं वाटत नाही आणि मोठ्या मुली तिला घेत नाहीत. मी म्हटलं, मुंगीला बोलावू का? तर म्हणाली, "बोलाव. पण तिला आधीच सांगून ठेव, मी मोठी दिसते, पण आहे तेवढीच आहे."

तुम्ही तिला दारापर्यंत आणून सोडा. मी आत असेन. बाहेर यायला जमलं तर येईन.

धाकटी